डावे यांचे, उजवे भावजींचे

नाही नाही, तुम्ही बसा. ते स्टूल आलेल्या माणसासाठीच आहे, मी उभीच बरी — अहो, नीट बसा ना, असे अर्धवट टेकलात की मला उगीच वाटतं तुम्ही पळून जाणार, आणि आज तुम्ही पळून जाऊन चालायचं नाही. हं. असं. आता बोला, काय विचारत होतात — लाकूड कापायच्या चेनसॉच्या चेनला धार कुणी लावली? ग्राइंडरवर लावली की हातानं, हेच ना? विचारलंत ते फार बरं केलंत. म्हणजे बरं केलंत की नाही ते मला अजून कळायचंय, पण विचारलंत, आणि विचारलं की खरं सांगायचं हा माझा नेम आहे. आजचा नाही, दहा महिन्यांचा. तर खरं असं, की दोन्ही. हसू नका. तुमच्या चेनचे डावे दात कानशीनं, हातानं, आमच्या यांनी लावले. आणि उजवे दात ग्राइंडरवर, माझ्या धाकट्या भावजींनी. एकाच चेनचे, हो. तुमच्याच.

ऐका, आत्ताही चाललंय. ही समोरची खोली यांची — खर्र, खर्र, खर्र... आणि थांबले. मोजलंत? तीन. एका दाताला तीन हात, सगळे पुढे ढकलायचे, मागे ओढायचं नाही, कानस उचलून आणायची. बावीस वर्षांत मी चौथा हात ऐकलेला नाही. आणि ते किंऽऽऽ येतंय ना, ते यांच्या खोलीतून उजवीकडे जे दार आहे त्याच्या पलीकडून — तिकडे भावजींचं ग्राइंडर. कानावर ते जाड टोप असतात त्यांच्या, त्यामुळे आपण काय बोलतो ते त्यांना ऐकू येत नाही, आणि यांना ग्राइंडरच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून तर मी एवढी मोकळेपणी बोलतेय. तुम्ही मांडीवर काय धरलंय ते कागदात? थांबा, नका उघडू. सांगू नका. मला माहीत आहे. आधी माझं ऐकून घ्या, मग उघडा.

नाही, भांडण नाही. भांडण असतं तर बरं होतं, भांडणात माणसं बोलतात तरी. हे दोघं अकरा महिने एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात. परवाचं सांगते. भावजी मला म्हणाले, “वहिनी, दादाला म्हणावं मीठ सरकव.” मी म्हटलं, “अहो, मीठ सरकवा म्हणतायत.” हे म्हणाले, “त्याला म्हणावं, वीतभर अंतर आहे, देवानं हात दिलाय ना?” मी भावजींकडे वळले. तर ते म्हणाले, “दादाला म्हणावं, दिलाय, पण किती अंशात वळतो ते मोजून घ्यावं लागेल.” झालं! हे ताटावरून उठले. मीठ तिथंच. शेवटी मीच घेतलं आणि मीच सरकवलं, आणि मला तर त्या दिवशी मीठ वर्ज्य होतं.

अंश कसले? तेच तर मूळ आहे. चेनचा प्रत्येक दात तीस अंशात घासायचा असतो. यांचं म्हणणं, तीस अंश माझ्या मनगटात आहेत, मला मोजायला लागत नाही. आणि खरंच हो, डोळे मिटून घासतात, मी पाहिलंय. मग भावजींनी ग्राइंडर आणलं. त्यांचं म्हणणं, मनगट सकाळी वेगळं, जेवल्यावर वेगळं आणि खोकला झाला की आणखी वेगळं. यंत्राला एकदा तीस सांगितलं की तीस. दोघांचंही खरं आहे. मला तर दोघांचंही पटतं, हाच माझा दोष आहे असं हे म्हणतात. तर भावजींनी ग्राइंडरवर पहिलीच चेन घेतली आणि जरा जास्त दाबली, दात तापून निळे पडले. हे म्हणाले, “दात निळा पडला की त्याचा जीव गेला.” तसं आहेही ते, पोलादाचं पाणी जातं, मग त्यावर कानस नुसती घसरते. पण यांनी ती चेन भिंतीला खिळ्यावर टांगली — ती बघा, तुमच्या डोक्यामागे — आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले, “आमच्या धाकट्याची पहिली चेन, निळी आहे, हात लावू नका, सुतक आहे.” पंधरा दिवस ऐकून घेतलं भावजींनी. सोळाव्या दिवशी शाळेच्या पोरांच्या कंपासपेटीतला असतो ना तो कोनमापक घेऊन आले आणि चार गिऱ्हाइकांदेखत यांचे दात मोजले. म्हणजे यांनी घासलेल्या चेनचे. एक निघाला अठ्ठावीस. एक तेहेतीस. आणि वाचले कसे, तर मोठ्यानं, शाळेत निकाल वाचतात तसे. यांनी कानस पुसली, पेटीत ठेवली, आणि त्या दिवसापासून बोललेच नाहीत.

मग वाटण्या. एकच कारखाना होता हा, त्याच्या दोन खोल्या तेव्हा झाल्या. मधे ती प्लायवुडची भिंत घातली आणि एक दार ठेवलं. झाडू दोन झाले, तेलाचे डबे दोन झाले, किटल्या दोन झाल्या. देव तेवढे वाटले नाहीत, कारण ते माझ्याकडे असतात. पण चेनींचं काय करायचं? स्वच्छ चेन आली की दोघांनाही हवी, आणि कुणी खिळ्यात घालून दात मोडलेली आणली की ती दुसऱ्याची. “वहिनी, ही दादाला द्या.” “अगं, ही त्याच्याकडे ने.” एक चेन तर मी दिवसातून नऊ वेळा त्या दारातून इकडून तिकडे नेली. शेवटी मीच म्हटलं — हो, मीच, दुसरं कोण म्हणणार — म्हटलं, प्रत्येक चेन अर्धी अर्धी करा. डावे दात यांचे, उजवे भावजींचे. दाताला दात, कुणावर अन्याय नको.

तुम्हाला वेडेपणा वाटतोय. वाटणारच. पण माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला वाटलं, एकच चेन दोन हातांतून गेली की बोलावंच लागेल! हे विचारतील, अरे, तू किती घासलंस? ते सांगतील, दादा, अमुक इतकं. दोन्ही बाजू सारख्या नको का व्हायला? बरं, मी लागलीच नेमही धरले. पहिल्या महिन्यात साखर सोडली. दुसऱ्यात खोटं सोडलं. तिसऱ्यात बसणं सोडलं — म्हणजे खुर्ची, स्टूल, बाक, काही नाही. जमिनीवर टेकायचं नाहीतर उभं राहायचं, ते दोघं तोंडानं समोरासमोर एकमेकांशी बोलेपर्यंत. पाय सुजतात हो. डॉक्टरांनी विचारलं का सुजतात, विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं, अगदी कोनमापकापासून. ते बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिले, आणि मग म्हणाले, तूर्त पाय वर घेऊन झोपा.

तर ते काही बोलले नाहीत. मीच मधे. हे डावे अठरा दात घासायचे, मला हाक मारायचे, मी ताटलीत चेन घेऊन दारातून पलीकडे, भावजी उजवे अठरा करायचे, मी परत इकडे. आता यांचे तीन हात म्हणजे केसभर पोलाद जातं. आणि ग्राइंडर नुसतं टेकलं तरी नखभर खातं. म्हणजे काय झालं? उजवे दात आखूड, डावे लांब. आणि तुम्हाला आता माहीतच आहे, जिकडचे दात लांब तिकडे चेनसॉ ओढते. दुसऱ्याच आठवड्यात ते लाकूडवाले काका आले, म्हणाले, “वहिनी, मी सरळ कापतोय आणि काप डावीकडे वळतोय, ओंडक्यात शिरलो की दुसरीकडेच निघतोय.” म्हटलं, हे आत कळलं तर हे म्हणतील बघ तुझं यंत्र, ते म्हणतील बघ तुझं मनगट, आणि मग तर संपलंच. मी काकांची चेन पदराखाली घेतली आणि म्हटलं, एक तास द्या.

तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? नाही, सांगा, सांगितलंत तरी आता काय. मी गेले बाजारात आणि एक कानस आणली. लपवायची कुठं? देवाच्या पेटीत, फुलवातींच्या खाली, तिथं दोघंही हात घालत नाहीत. आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून, भात शिजेपर्यंत, डावे अठरा दात घासून घासून उजव्यांएवढे केले. बावीस वर्षं बघत आले होते, हात बसायला वेळ लागला नाही. एकेका हाताला देवाचं नाव. कधी पाच नावं लागायची, कधी सात. उजव्यांत निळसर दिसला एखादा तर त्याच्यावरही, आणि जरा जास्त. भात करपायचा कधीकधी. पण चेन अशी व्हायची — काय सांगू! काका दुसऱ्या दिवशी येऊन आत डोकावून म्हणाले, “वा, लोण्यातून जाते.” हे आतून म्हणाले, “मनगट आहे ते.” आणि पलीकडून भावजी म्हणाले, “वहिनी, म्हणावं, यंत्र आहे.” मी म्हटलं, हो. दोघांनाही हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. दोन्ही होतंच की त्यात.

म्हणजे अकरा महिने या दुकानातून बाहेर पडलेली प्रत्येक चेन... हो. तुम्ही बरोबर ओळखलंत. आता मी हे असं म्हणायला नको, पण विचारलंत — चांगली लावते मी धार. यांच्यापेक्षा? अहो, असं काय विचारता! ...थोडी. कोनमापकानं मोजलेत मी माझे, एकदाच, पाप लागो. तीस. तीस. तीस. साडेतीस. तीस.

ते राहू द्या. वाजले किती? सव्वातीन? मग घाई करायला हवी. चार वाजता गवंडी येणार आहे. ते मधलं दार आहे ना, ते विटा लावून बुजवायचं ठरलंय. यांनी ठरवलं, भावजींना निरोप मीच दिला, भावजी म्हणाले, चालेल म्हणावं, विटा अर्ध्या अर्ध्या. एवढं तेवढं नाही हो, आता भिंतच. प्लायवुडसुद्धा काढणार, पक्की करणार. मग तुम्ही यायचं, डावे दात इकडे लावून घ्यायचे, बाहेर पडून गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं उजवे लावून घ्यायचे. आणि घराचं काय? टेबल कुठल्या बाजूला राहणार? मी कुठल्या बाजूला राहणार? हे मला कुणी विचारलेलं नाही. मीठ कुठल्या बाजूला राहणार, हेसुद्धा नाही.

मी देवाला बोलले होते, शंभर चेनी अशा बरोबर करून देईन, शंभरावीला तू बघ. झाल्या शंभर. गेल्या मंगळवारी. मी वाट बघत बसले — म्हणजे उभी राहिले — आणि काय झालं, तर गवंडी ठरला. त्या संध्याकाळी मी पेटीपुढे खूप वेळ होते. रागावले नाही. देवावर कसलं रागवायचं. पण मनात आलं, देव यायला निघाला असेलही, पण येणार कुठून? दारात मीच उभी! चेन वाकडी झाली की मी सरळ करते, मीठ अडलं की मी सरकवते, टोमणा आला की मी त्यातला अर्धा वाटेत गाळते. त्यांना बोलायची गरजच कुठं पडू दिली मी? अकरा महिने सगळं सुरळीत चाललंय, आणि ते कानशीनं मीच चालवलंय.

तर एकशे एकावी चेन आली. डावे यांनी घासले, उजवे भावजींनी. मी ताटलीतून उचलली. पेटी उघडली नाही. तशीच कागदात गुंडाळली आणि दिली.

हो. तुमची.

मुद्दाम, हो. असं बघू नका माझ्याकडे. लागलं नाही ना कुठं? आधी ते सांगा. कापताना ओढली असेल जरा, पण हात, बोटं? सगळी आहेत ना? दाखवा. देवा, सगळी आहेत. मी त्या चेनवर हात ठेवून म्हटलं होतं, ज्याची असेल त्याच्या केसाला धक्का लागू देऊ नकोस, आणि तुमच्यासाठी एक दिवस उपासही केला, तुमचं नाव माहीत नव्हतं, बागेतलं झाड कापायचंय एवढंच तुम्ही म्हणाला होतात, म्हणून “बागेतले साहेब” एवढंच म्हटलं. तीन दिवस वाट बघतेय तुमची. म्हटलं, हा माणूस संतापून येईल, दारातूनच ओरडेल, दोघं बाहेर येतील, दोघांदेखत तो वाकडा काप दाखवेल, मग त्यांना एकमेकांना विचारावंच लागेल. आणि तुम्ही आलात ते पायपुसण्याला पाय पुसून! “आत येऊ का” म्हणालात! ओंडक्याची ती वाकडी कापलेली चकती अशी कागदात गुंडाळून आणलीत, जसं काही बारशाला आलायत.

दाखवा आता. उघडा. अरे वा! म्हणजे — अरेरे. बशीच झालीय हो. एका अंगानं खोलगट, एका अंगानं फुगीर. यात सांडलेलं दूध राहील. तुम्ही घरी हिला सरळ करायला बसला नाहीत ना? बरं.

मग ओरडा.

खरंच म्हणतेय. तुमचा हक्क आहे तो. मी ओरडले तर खोटं होईल, तक्रार माझी नाही. तुम्ही उभे राहू नका, बसूनच ओरडा, पण पोटातून ओरडा, ग्राइंडरच्या वर जायला हवं. “काय दुकान आहे की काय आहे!” असं काहीतरी. — नाही, एवढ्यानं नाही होणार, हे तर तुम्ही मला वेळ विचारल्यासारखं म्हणालात. तुम्ही घरी कुणावर रागावत नाही का? कुत्र्यावर तरी? कुत्राही नाही. बरं, अशी कल्पना करा की तुमच्या पायावर — नको, तशी नको. मी सांगते तसं म्हणा, “कोण आहे आत? बाहेर या!” म्हणा. ...“कृपया” कशाला घातलंत त्यात? अहो साहेब, साडेतीन होत आले. गवंडी वक्तशीर आहे, माझी चुलत नणंद त्याच्या घरी दिली आहे, मला माहीत आहे. हे बघा, मी अकरा महिने काही मागितलेलं नाही कुणाकडे, देव सोडून. तुमच्याकडे मागते. एकदा रागवा. माझ्यासाठी रागवा. — अहो, डोळ्यांत पाणी कशाला आणता! मी तुम्हाला रागवायला सांगितलं होतं, आणि तुम्ही — रुमाल कुठल्या खिशात आहे? सावकाश, ती चकती सांभाळा, मांडीवरून —

गेली!

धरा! नाही, धरू नका, लांब व्हा — उभी पडली, कडेवर — बघा, बघा, यांच्या खोलीत शिरली. सरळ यांच्या पायाशी चाललीय... नाही, वळली. उजवीकडे वळतेय हो! बशीसारखी आहे ना, सरळ जाईल कशी. यांनी मान वर केली. कानस हातातच आहे. यांच्या टेबलाला वळसा घातला तिनं — दाराकडे — मधल्या दारातून —

गेली पलीकडे.

...आपटली कशावर तरी.

ग्राइंडर बंद पडलं. ऐकताय? वायर निघाली असेल. कानसही थांबली. अकरा महिन्यांत ही दोन्ही एकदम थांबलेली मी ऐकलेली नाहीत. तुम्ही श्वास जरा हळू घ्या.

हे उठले. मधल्या दारापर्यंत गेले. दारात थांबले. मला इथून यांची पाठच दिसतेय. खांद्यावरून भावजी दिसतायत, टोप काढले त्यांनी कानावरचे. वाकले. चकती उचलली, उलटी करून बघतायत. हे म्हणाले, “अगं, त्याला विचार, किती घासतो उजव्या बाजूला.” मला सांगतायत ते. भावजी म्हणाले, “वहिनी, दादाला म्हणावं —” नाही. मी ओ देणार नाही. तुम्हीही देऊ नका. मी इथं नाही. मी नाहीच आहे.

दोघं वाट बघतायत माझी.

भावजींनी अंगठा फिरवला कापावरून. हेही फिरवतायत, दुसऱ्या कडेनं. एकच चकती दोघांच्या हातात. हे काहीतरी म्हणाले — हळू आहे, ऐकू येईना... काय म्हणाले? तुम्हाला ऐकू आलं? ...“धाकट्या.” धाकट्या म्हणाले! “धाकट्या, तो कोनमापक कुठं ठेवलायस?”

समोरासमोर. तोंडानं. आणि कोनमापक म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही, साक्षीला आहात.

“खणात आहे, दादा. पण आधी तू किती हात मारतोस ते सांग.” — “तीन.” — “तीनच? मग अकरा महिने ह्या चेनी सरळ कापत कशा होत्या?”

अगंबाई.

आता ते दोघं इकडेच वळतील, आणि विचारतील, आणि विचारलं की मला — साहेब, उठा बघू. चेन बरोबर आणली असेलच, ती इथं ठेवा, उद्या न्या, सरळ करून ठेवते, मी स्वतः. बाहेर गवंडी दिसला तर त्याला सांगा, दार वापरात आहे. जा आता, हळू जा, दार ओढून घ्या. आणि ते स्टूल इकडे द्या मला. मला बसायचंय.